पार्किंगमधला पिंजरा

वारज्यात आमच्या शेजारचे काका ससा घरातच ठेवायचे. "घाबरट जनावर आहे, बाहेर राहणार नाही," एवढंच एकदा बोलले होते. एरवी कुणी काहीही सांगितलं, की नुसतं "बरं" म्हणायचे.

मीच म्हटलं, "काका, वास आमच्या दारापर्यंत येतो हो."

"बरं."

त्याच संध्याकाळी पिंजरा खाली पार्किंगमध्ये गेला.

चौथ्या दिवशी सकाळी ससा मेलेला दिसला. कडी लावलेलीच होती, अंगावर ओरखडाही नव्हता. सोसायटीत फिरणारा एक बोका मात्र पिंजऱ्याला टेकून बसला होता.

काकांनी पिंजरा धुतला. मग फिनेल घेऊन आमच्या दारापर्यंतची फरशी पुसली.

"आता वास येत नाही ना?"

"नाही."

"बरं."

टोमणा असता तर सोसला असता. पण ते खरंच विचारत होते.