फिंच जोडीनेच मिळेल

पिंजऱ्याच्या तळाशी राळ्याची टरफलं साचतात ना, तसे पक्षी पाळणाऱ्यांचे किस्से साचतात. मुद्दाम कोणी गोळा करत नाही. आमचे किस्से साचले ते द्वारका सर्कलजवळच्या सलीमभाईंच्या पक्ष्यांच्या दुकानात. रविवारी सकाळी आम्ही तिघं-चौघं तिथल्या बाकावर बसायचो, चहा प्यायचो आणि वर्षानुवर्षं एकाच विषयावर वाद घालायचो. फिंच एकटा ठेवावा की सोबतीनं? चिमणीहूनही लहान, लाल चोचीचा जीव तो. पण त्याच्यापायी आम्ही अगदी हमरीतुमरीवर यायचो!

सलीमभाईंचा निकाल ठरलेला. त्यांनी पाटीच लावली होती, 'फिंच जोडीनेच मिळेल'. एकदा त्र्यंबकचे एक गुरुजी नातीसाठी एकच फिंच मागत आले. सलीमभाईंनी विचारलं, "गुरुजी, तुमच्याकडे पूजेला नवरा एकटा बसलेला चालतो काय?"

"चालतो की," गुरुजी म्हणाले. "बायकोच्या जागी सुपारी ठेवतो आम्ही."

सलीमभाईंनी शांतपणे समोरच्या पानवाल्याला हाक मारली आणि एक सुपारी मागवली. गुरुजी पोट धरून हसले आणि जोडी घेऊन गेले.

* * *

भामरे आमच्यातले बँकवाले, मूळचे सटाण्याचे. त्यांनी कुठल्याशा आठवडे बाजारातून पांढऱ्या फिंचची जोडी आणली. घरटं टांगलं, काथ्या दिला, उकडलेलं अंडं भरवलं. वर्ष गेलं तरी अंड्याचा पत्ता नाही. शेवटी पिंजरा उचलून दुकानात आणला. सलीमभाईंनी दोघांच्याही नरासारख्या लालभडक चोची पाहिल्या आणि कपाळावर हात मारला. दोन्ही नर!

बदलून देतो म्हणाले, पण भामरेवहिनी आहेत तेच बरे म्हणून अडून बसल्या. "भांडतस का त्या? मंग? आपलापेक्षा बरा शेतस."

त्या घरात मूलबाळ नव्हतं. आम्ही मात्र त्यांच्या पिंजऱ्याची थट्टा करत राहिलो.

* * *

आता सुभेदारकाका. तोफखान्यातून निवृत्त झालेले, देवळाली कॅम्पात राहणारे. मुलगा बंगळूरला. तो दुकानाच्या फोनवरच वडिलांची खुशाली विचारायचा, कारण काका घरी फोन उचलत नसत.

काकू गेल्या, त्याच उन्हाळ्यात काकांच्या जोडीतली मादीही गेली. मागे राहिलेला नर दिवसभर हाका मारायचा. आम्ही लगेच दोन पार्ट्यांत वाटलो गेलो. सलीमभाई म्हणाले, नवी मादी आणा. मी म्हटलं, आधी आरसा लावून बघा. एकट्या पक्ष्याला बरेच जण लावतात.

काकांनी आरसा लावला. पक्षी त्याला अंग घासून बसू लागला, रात्री तिथेच झोपू लागला. काका रोज सकाळी दाढी करायच्या आधी तो आरसा पुसायचे. धूळ बसली की पुन्हा हाका सुरू व्हायच्या म्हणे.

सलीमभाईंना ते पटेना. त्यांनी स्वतः एक मादी नेऊन पिंजऱ्यात सोडली. पुढच्या रविवारी काकांनी ती परत आणली तेव्हा तिच्या पाठीवर एक पीस शिल्लक नव्हतं. काका मात्र कधी नव्हे इतके खुशीत होते.

"मी सांगत होतो तुम्हाला," ते म्हणाले. "मलाही लोक वधू-वर मंडळात नाव घाल म्हणतात."

* * *

मग मुलानं त्र्यंबक रोडवरचा एक वृद्धाश्रम शोधला. घरी एकटे कुढत बसता, तिथं कंपनी असेल, असं त्याचं म्हणणं. मुलगा वाईट नव्हता, हे मी आजही सांगेन. पण आश्रमात पक्षी चालत नव्हता.

काका पिंजरा घेऊन दुकानात आले. सलीमभाईंच्या मोठ्या पिंजऱ्यात वीसेक फिंच एकत्र असायचे. काकांनी विचारलं, यांच्यात हा रुळेल ना?

"दोन दिवस गप बसंल," सलीमभाई म्हणाले. "मग रुळतो. सगळे रुळतात."

पण तो रुळला नाही. कोपऱ्यात पिसं फुलवून बसून राहिला. सलीमभाईंनी त्याचा आरसा आत लावला, तर बाकीच्यांनी आरशापुढे गर्दी केली आणि त्यालाच तिथून हुसकावलं. बुधवारी सकाळी तो तळाशी पडलेला सापडला. सलीमभाईंनी दुकानामागे खड्डा खणून त्याला पुरला आणि त्या दिवशी दुकान उघडलं नाही. मला फार वाईट वाटलं. आरशाची सवय मीच लावली होती.

* * *

पुढच्या महिन्यात आम्ही तिघं काकांना भेटायला आश्रमात गेलो. सांगायचं काय, हे रिक्षात ठरवायचं होतं. पण ते ठरायच्या आतच आश्रम आला. हॉलमध्ये टीव्ही चालू होता, वीस-पंचवीस म्हातारी माणसं समोर बसली होती. काका सर्वांत मागे, भिंतीला टेकून. आम्हाला पाहून उठले आणि पहिलाच प्रश्न त्यांनी केला.

"रुळला का?"

"एकदम!" भामरे म्हणाले. "आता बाकीच्यांत ओळखूसुद्धा येत नाही."

सलीमभाईंनी खाली बघत मान हलवली. काका त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी आम्हाला चहा पाजला, बाग दाखवली, फाटकापर्यंत सोडायला आले.

"सलीम," ते म्हणाले, "माझा मुलगा तुला फोन करेल. मी कसा आहे, विचारेल. त्यालाही असंच सांग."