रिकाम्या खुर्चीचं मत

कामतघरचे, कापडाच्या लूमचे मालक असलेले काका प्रत्येक वाक्याआधी थांबत, कुणाची तरी परवानगी घेतल्यासारखे.

एका शुक्रवारी, लूम बंद असताना, त्यांनी घरच्या धंद्याचे नियम लिहायला ओळखीतला वकील म्हणून मला बोलावलं. कारखाना सांभाळणाऱ्या पुतणीला निर्णयात मत हवं होतं. मी तिच्यासाठी भांडायचं ठरवूनच गेलो.

काका रिकाम्या खुर्चीकडे वळले. "बाबा, पोरीला मत द्यायचं?"

काका कान देऊन बसले.

"न्हाय म्हणतात."

"वारलेल्या आजोबांना मत आहे, आणि मला नाही?" पुतणी म्हणाली.

"त्यांनी कधी मागितलं न्हाय, म्हणून हाय." मग माझ्याकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "लिहिलंस ना?"

मी वहीत पाहिलं. माझ्याच अक्षरात 'नाही' लिहिलेलं होतं. कधी लिहिलं, ते मला आठवेना.