आमच्या मांजरीचं नाव

मंडळी, आज आमच्या मांजरीला अमळनेरहून जळगावला डॉक्टरांकडे नेलं. गर्भाशयात पू झालाय, मान उचलत नाही. ऑपरेशन लगेच करावं लागेल म्हणाले.

केसपेपरसाठी त्यांनी तिचं नाव विचारलं.

घरी तिला नाव असं नाहीच. दारात दिसली की आई ओरडते, "उनी का मेली दूध पेवाले?" म्हणजे आली का मेली दूध प्यायला, आणि ती पळत येते.

आज आईच्या तोंडून तो शब्द निघेना. तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "सोनी लिखा, भाऊ."

खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा आहे. जमेल तेवढी मदत कराल का? मेसेज करा, पैसे थेट डॉक्टरांकडेच भरा.

सोनी घरी यावी आणि आईला तिला पुन्हा बिनधास्त 'मेली' म्हणता यावं, एवढंच.