जहाजाच्या पाठीवर मेडशी

आमच्या मेडशीत रामकिसन पेंटरची सही नाही अशी पाटी शोधून सापडणार नाही. ट्रॅक्टरची ट्रॉली असो, पिठाची गिरणी असो, की कुणाच्या दारावरचं नाव असो. खाली उजव्या कोपऱ्यात ‘रामकिसन पेंटर, मेडशी’ आणि त्याचा मोबाइल नंबर आलाच. माझं रंगाचं दुकान आहे, त्याची पाटीही त्यानंच रंगवली. तिच्यात दुकानाचं नाव आधी दिसतं की रंगवणाऱ्याचं, ते गिऱ्हाइकानं ठरवावं. त्याची बायको वैजयंती यावरून त्याला फार बोलायची. ट्रॉली लोकाची, रंग लोकाचा आणि मिरवणार हा.

मग फ्लेक्स आले. पुढाऱ्याचे दात चमकवणारे ते फ्लेक्स गावाला इतके आवडले, की रामकिसनचे ब्रश डब्यात वाळून गेले. तेवढ्यात त्याला एक एजंट भेटला. एजंट ही मोठी दयाळू जमात. परदेशात मोठ्या कंपनीत रंगकाम आहे, असं त्यानं सांगितलं. कंपनी पाण्यावर तरंगते, एवढं सांगायचं मात्र त्याच्याकडून राहून गेलं. जाताना रामकिसननं आपलं सिम वैजयंतीकडे ठेवलं. सगळ्या तालुक्याच्या ट्रॉल्यांवर तोच नंबर, एखादं काम आलंच तर फोन कोण उचलणार?

ते निघालं मासेमारीचं जहाज. जिथे मनाई तिथे, जेव्हा मनाई तेव्हा जाळी टाकायची, असा त्याचा शिस्तशीर धंदा होता. कप्तानानं सगळ्यांचे पासपोर्ट काढून घेतले, जपून ठेवायला. रामकिसनच्या हातात खरवडणी दिली आणि गंज दाखवला. घरी फोन करायचं नाव नाही. इकडे एजंटचा नंबर बंद झाला तो झालाच. वैजयंती खुरपणीला जातानाही मोबाइल पदरात बांधून नेऊ लागली. नवरा जिता आहे की नाही, हे तिला सांगणारं कुणी नव्हतं.

जहाजाचं एक खास काम रामकिसनकडे होतं. एखाद्या बंदरात बदनामी झाली, की कप्तान जुनं नाव पुसून नवं काढायला लावी. कधी कुठल्या ताऱ्याचं, कधी कुणाच्या मुलीचं. झेंडाही नवा. बारशाला घुगऱ्या नव्हत्या एवढंच. रामकिसन दर वेळी अक्षरं झोकात काढायचा, आणि दर वेळी हाताच्या सवयीनं खाली उजव्या कोपऱ्यात सही ठोकून मोकळा व्हायचा, नंबरासकट. कप्तानाला ती नक्षी वाटली. आणि जहाजावर इतके आकडे असतात, त्यात अजून दहा कोण मोजतो?

आता जगातल्या शहाण्या देशांचं कौतुक ऐका. आमच्या मेडशीच्या बाजारातून चोरीची बकरी हाकलली, तर चोर शेजारच्या किन्हीराजाच्या बाजारात पोचायच्या आत त्याची कीर्ती तिथे पोचलेली असते. हीच गोष्ट बंदरांनी एकमेकांना सांगावी, यासाठी देशादेशांच्या साहेबांना वर्षानुवर्षं बैठका घ्याव्या लागल्या. तोवर जो तो आपल्या दारातून चोराला हाकलायचा आणि शेजाऱ्याच्या दाराकडे बोट दाखवायचा. शेवटी करार झाला. चोरीची मासळी कुठल्याच बंदरानं उतरू द्यायची नाही, डिझेल द्यायचं नाही, आणि एकानं अडवलं की बाकीच्यांना कळवायचं.

तर एका बंदरानं या जहाजाला परत पाठवलं आणि त्याचे फोटो सगळीकडे धाडले. पुढच्या देशात ते नव्या नावानं, नव्या झेंड्यानं, साळसूद चेहऱ्यानं शिरू लागलं. तिथल्या साहेबानं फोटो शेजारी ठेवून पाहिले. नाव वेगळं, झेंडा वेगळा, पण खालच्या कोपऱ्यातली नक्षी तीच. लिपी भारतातली दिसते म्हणून फोटो आपल्याकडे आला, आणि आपल्या कुण्या अधिकाऱ्यानं सरळ तो नंबर लावला.

वैजयंती तेव्हा माझ्या दुकानात होती. एजंटचा काही पत्ता लागला का, हे विचारायला आली होती. फोनवरचे साहेब हिंदीत बोलत होते. पेंटर बाहेरगावी आहे, ट्रॉलीचं काम सध्या होणार नाही, असं ती सवयीनं सांगून गेली. ट्रॉली नाही, जहाज आहे, साहेब म्हणाले. त्यावर सही आहे, ती कुणाची?

तिनं काउंटर घट्ट धरला.

“सही त्याहीचीच हाये साहेब,” ती म्हणाली. “पन ते जिते हायेत का?”

साहेबांना तेवढं माहीत नव्हतं. पण जहाज अडवून ठेवलं आहे, आता माणसं मोजायला वर चढतील, असं ते म्हणाले. त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले ते मी पाहिलंय, आणि त्यावर थट्टा करायची माझी छाती नाही. मग एका दुपारी रामकिसनचाच फोन आला. पहिला प्रश्न, कुण्या कामाचा फोन आलता का?

मासळी जप्त झाली, खलाशी घरी पाठवले. रामकिसन एसटीतून उतरला तो निम्मा होऊन. वर चौकशी झाली, की खोटी नावं तूच रंगवली ना? चोर पकडून देणाऱ्याचा सत्कार आपल्याकडे असाच होतो. तो इतका घाबरला, की कुठंही सही करायची नाही असं त्यानं ठरवून टाकलं.

परवा माझ्या दुकानासमोर तो गावातल्याच विकासची नवी ट्रॉली रंगवत होता. नाव झालं, फुलं झाली, उजवा कोपरा कोरा ठेवून त्यानं ब्रश धुवायला घेतला. वैजयंती डबा घेऊन आली होती. तिनं कोपरा पाहिला आणि डबा खाली ठेवला.

“नाव नोका टाकू, तुमची मर्जी,” ती म्हणाली. “पन नंबर टाका. मले तुमी त्याच्यावरच सापडले.”

रामकिसननं ब्रश पुन्हा रंगात बुडवला. आता त्या ट्रॉलीवर विकासच्या नावापेक्षा नंबर मोठा आहे, आणि विकास ती तशीच गावभर मिरवतो.