जिवंत माणसाची फाईल

टेचिमनच्या लॉरी स्टँडमागे आंटी ताचिवाचं टायपिंगचं दुकान होतं. गावातल्या निम्म्याअधिक मेलेल्यांची आयुष्यं तिथंच टाइप झाली होती. अंत्यविधीला वाटायच्या पुस्तिकेत माणसाचं चरित्र, फोटो आणि मुलांची यादी. यादीत नाव असलं की मूल बापाचं. नसलं तर मग लोक काय वाटेल ते म्हणायला मोकळे.

एक्कावन्न वर्षांची ताचिवा कोर्टातल्या टाइपरायटरवर तयार झालेली. कॉम्प्युटर तिच्याकडे उशिरा आला, पण त्याला कसं झोपवायचं ते ती स्वतःच चाचपडत शिकली. विजेचा नेम नाही, म्हणून हात थांबला की मिनिटात पडदा काळा आणि तिसऱ्या मिनिटाला मशीन झोपलेलं, असं तिनं लावून ठेवलं होतं. झोपण्याआधी उघडं काम डिस्कवर उतरवून ठेवायची सोय मशीनमध्ये होती, ती तिनं बंद केली. डिस्क मेलेल्यांच्या फोटोंनी गच्च भरलेली आणि ती सोय फार जागा खाई. मधूनमधून आपोआप साठवणंही बंद, कारण तेवढ्यात मशीन अडखळे आणि गिऱ्हाईक वैतागे.

शेजारची शिंपीण म्हणायची, "आंटी, तुझा नवराही इतक्या वेळेवर झोपला नसेल."

"तो झोपला की उठायचा नाही. हे निदान उठतं तरी," ताचिवा म्हणे.

नाना जाबा पावसाळ्याच्या तोंडावर तिच्याकडे आले. तीस वर्षं लॉरी चालवलेला माणूस, आता काठी टेकत चालायचा. आपण गेल्यावर मावसभाऊ अजापोंग, म्हणजे कुळाचे प्रमुख, आपलं चरित्र लिहिणार आणि सोयीचं तेवढंच लिहिणार, हे नानांना पक्कं ठाऊक होतं. स्वतःला अक्षर येत नव्हतं. म्हणून चार दुपारी ते बाकावर बसून सांगत गेले आणि ताचिवा टाइप करत गेली.

तिसऱ्या दुपारी त्यांच्यासोबत कोनादू आली. चाळिशीची, किंटाम्पोच्या नाक्यावर भाजलेला याम, म्हणजे सुरणासारखा कंद, विकणारी. नाव ठेवायचा मान बापाचा, पण हिचं नाव मामानं ठेवलं होतं, कारण बाप बारशाला फिरकलाच नव्हता. नानांनी मुलांची सहा नावं सांगितली आणि त्यात कोनादू जाबा असं घातलं. सांगताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. कोनादूला वाचता येत नव्हतं. तिनं नाव बोटानं दाखवायला लावलं, मग म्हणाली, जरा मोठं कर. ताचिवानं केलं. बाई पाहतच राहिली, इतका वेळ की पडदा काळा झाला.

"गेलं?"

"नाही गं. डोळे मिटलेत त्यानं."

फाईल साठवायची राहिली ती काही विसरून नव्हे. त्या मशीनमध्ये कप्पा एकच, मेलेल्यांचा, आणि फाईलला माणसाचं नाव द्यायची तिची रीत. त्यात जिवंत माणसाचं नाव घालायला तिचा हात धजेना. नानाही म्हणाले, त्यांच्यात मला एवढ्यात नेऊन ठेवू नकोस. तेव्हा रोज निघताना ती पान तसंच उघडं ठेवून मशीन झोपवी आणि दुसऱ्या दिवशी ते जिथल्या तिथं उघडे. सोमवारी शेवटचं पान झालं की छापायचं आणि दोन साक्षीदारांसमोर अंगठा घ्यायचा, असं ठरलं.

शुक्रवारी संध्याकाळी वीज गेली ती रविवारी आली. झोपलेल्या मशीनलाही उघडं पान धरून ठेवायला थोडी वीज लागते, आणि टेबलाखालची यूपीएसची पेटी काही तास पुरली असेल. सोमवारी बटण दाबलं तर मशीन झोपेतून उठलं नाही, अगदी पहिल्यापासून सुरू झालं. चार दुपारींतलं एक अक्षर शिल्लक नव्हतं.

खरं सांगायला जीभ उचलेना. नाना आले तेव्हा तिनं मशीन आजारी असल्याचं सांगून त्यांना गुरुवारी बोलावलं. आठवून आठवून पुन्हा उतरवू, म्हाताऱ्याला कळायचंही नाही, असा तिचा बेत होता. इतक्या वर्षांत तिच्या हातून एक पान हरवलं नव्हतं.

नाना म्हणाले, "म्हातारा मी, आणि आजारी हे?" हसले आणि गेले.

बुधवारी सकाळी ते वारले.

अंत्यविधी रीतीप्रमाणे काही आठवड्यांनी व्हायचा होता; पुढच्या आठवड्यात अजापोंग हातानं लिहिलेले कागद घेऊन आले. मुलं पाच.

"नानांनी सहा सांगितली होती," ताचिवा म्हणाली.

"कागद कुठंय?"

तिनं सगळं सांगितलं. वीज, पेटी, झोपेतच गेलेलं मशीन. सोमवारची थाप तेवढी सांगितली नाही.

"अंगठा नाही, कागद नाही. आंटी, मशीनलाही ते पटलेलं दिसत नाही. दिलंय तेवढं टाइप करा."

तिनं पाच नावं टाइप केली. सहावं आपणच घालावं, असं एकदा मनात आलं. पण छापण्याआधी घरातले ओळ न् ओळ वाचून घेतात.

अंत्यविधीच्या दोन दिवस आधी कोनादू आली. ताचिवानं तिला मात्र सोमवारची थापही सांगितली. रागावेल, निदान शिव्या तरी देईल, असं वाटलं होतं.

"मग शनिवारी मी बसू कुठं?" कोनादूनं विचारलं. "मुलांच्या रांगेत की शेजारपाजाऱ्यांत?"

"माझ्याजवळ ये."

"तू कुठं असतेस?"

"मागं. पुस्तिकांच्या खोक्याजवळ."

शनिवारी ती खरोखरच आली, सुतकाची नवी काळी-लाल वस्त्रं नेसून. ताचिवाच्या हातातला गठ्ठा तिनं काढून घेतला आणि पहिल्या रांगेपासून वाटायला सुरुवात केली. यादीतल्या पाचही जणांना एकेक दिली. अजापोंगांनी तिच्या तोंडाकडे न पाहता एक घेतली, आणि पुस्तिका कमी पडू नयेत म्हणून तीच बाजूला बसलेल्यालाही दिसेल अशी उघडून धरली.