वळणावरच्या सासूबाई

वखारीतला गाडीवान लढाईवरून परत आला तेव्हा त्याचा उजवा कान कायमचा गेला होता. डाव्या कानाने ऐकू यायचं तेही भिंतीपलीकडून कोणी बोलावं तसं. हातपाय धड होते, त्यामुळे वखारीच्या मालकाने त्याला पुन्हा लाकडांच्या गाडीवर घेतलं. घरचे देवाचे आभार मानून मोकळे झाले. तो मात्र आभार दोघांचे मानायचा, एक देवाचे आणि दुसरे सासूबाईंचे.

सासूबाई म्हणजे एक तपकिरी खेचर. डोंगरातल्या ठाण्यांवर पीठ, पाणी आणि दारूगोळा खेचरांच्या पाठीवरून जायचा आणि गाडीवानाकडे हे खेचर आलं होतं. ओझं मनासारखं बांधलं नाही तर जागचं हलायचं नाही, कोणी घाई केली की मान फिरवून असं बघायचं की बघणाऱ्याने खाली मान घालावी. तुकडीतल्या साऱ्या लग्न झालेल्या शिपायांनी एकमताने नाव ठेवलं, सासूबाई. पण एकदा ओझं अंगावर घेतलं की ते दारापर्यंत पोचवणार, हेही सगळे मानत.

त्या वाटेचा एक नियम होता. वळण आलं की थांबायचं. वळणापलीकडे समोरच्या टेकडीवरून शत्रूला वाट दिसायची. म्हणून जनावर उभं करायचं, कानोसा घ्यायचा, सारं शांत वाटलं की जिभेने टक् करून जनावराला चालायला लावायचं.

एका सकाळी तोफगोळा अगदी जवळ फुटला. गाडीवान पडला. बाकीची जनावरं उधळली, सासूबाई पाठीवर दोन पेट्या घेऊन त्याच्या उशाशी उभ्या राहिल्या. तो शुद्धीवर आला तर दोर अजून त्याच्या मुठीत होता आणि जगातला आवाज निघून गेला होता.

हे त्याने साहेबांना सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर घरी पाठवलं असतं आणि सासूबाई दुसऱ्याच्या हातात गेल्या असत्या. म्हणून तो गप्प बसला. पुढचे पाच महिने तो वळणावर थांबून फक्त तिच्या कानांकडे बघायचा. एक कान इकडे फिरायचा, एक तिकडे, मग दोन्ही सैल पडायचे आणि ती चालू लागायची. तिच्यामागे तो. जिभेने टक् करणं त्याने सोडूनच दिलं. निघायचं केव्हा ते सासूबाई ठरवायच्या.

लढाई थांबली. माणसांना घरी सोडलं, जनावरं छावणीत राहिली. आठ महिन्यांनी तुकडीतल्या नालबंदाचं पत्र आलं. छावणी बंद होतेय, ज्याने जे जनावर सांभाळलं त्याने ते ओळखून न्यावं, म्हाताऱ्या जनावरांपैकी उरतील त्यांना शनिवारी गोळी घालणार.

पत्र वाचून बायको म्हणाली, "जा, घेऊन या. एकीला सांभाळायची मला सवय आहेच."

"बहिरा तो झालाय, मी नाही!" आतून आई ओरडली. मग थोड्या वेळाने, "अंगणात जागा करायला हवी. बादल्या हलवा तिथल्या."

शुक्रवारी सकाळी तो छावणीत पोचला. कारकुनाने वही उघडली. "नंबर?"

"एकशे सतरा. पुढच्या डाव्या खुरावर डागलाय."

"डागला होता म्हणा," कारकून त्याच्या डाव्या कानाशी ओरडला. "खूर वाढतो तसा नंबर खाली सरकून झिजतो. लढाई थांबल्यापासून नव्याने डागलाय कोणी? चाळीस उभी आहेत, घ्या ओळखून."

चाळीसही तपकिरी. जुने केस झडून नवे आलेले, कोणी सुटलेलं, कोणी वाळलेलं. तो रांगेतून दोनदा फिरला. हाक मारली, कोणी मान वळवली नाही. पाच महिने तो तिचे कान बघत चालला होता, तोंड कधी नीट न्याहाळलंच नव्हतं. ज्या जिवाने आपल्याला जगवलं, तोच ओळखू येऊ नये? तो मनात म्हणाला, देवा, कान नको देऊस परत, पण आता काहीतरी सुचव.

"अहो मामा, न्या ना कुठलंही. खेचर ते खेचर," कारकून पुन्हा कानाशी येऊन म्हणाला.

"शाळा सुटली की तुम्ही दिसेल ते पोर घरी नेता का?"

जनावरं तपासायला आलेल्या डॉक्टरबाई हसल्या. कारकून नाही हसला.

गाडीवानाची नजर गोदामाच्या कोपऱ्यावर गेली. "बाई, एकेकाला त्या कोपऱ्यापर्यंत नेऊ द्याल?"

"न्या. सकाळ आपलीच आहे."

अकरा खेचरं कोपरा वळून सरळ पुढे गेली. बारावं थांबलं. त्याने त्याच्या मानेला मिठीच मारली. पण म्हटलं, सगळी बघून घ्यावी. तर सतरावंही थांबलं. मग आणखी एक. शेवटी पाच निघाली.

"डोंगरातली आहेत ही सगळी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सगळ्यांनाच ते शिकवलेलं असणार."

तो दगडावर बसला. जे फक्त आपलं आणि तिचं म्हणून जपलं, ते साऱ्या वाटेचं होतं. मग एकदम उठला. थांबायला सगळ्यांनाच शिकवलं होतं. निघायला?

त्याने पाचांना पुन्हा एकेक करून कोपऱ्यावर नेलं आणि तोंडातून आवाज न काढता नुसता उभा राहिला. पहिलं त्याच्याकडे बघत उभं. दुसरं, तिसरं, चौथं, सगळी हुकमाची वाट बघत. पाचव्याने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एक कान इकडे, एक तिकडे, मग दोन्ही सैल. आणि दोर ओढत ते चालू लागलं.

"अहो, कोण कोणाला नेतंय?" कारकून ओरडला.

ते त्याला ऐकू आलं नाही. तो सासूबाईंच्या मागे निघाला होता, डोळे पुसत.

बाकीच्या चौघांपैकी एकाला नालबंदाने नेलं. तिघांचं काय झालं ते गाडीवानाने कधी विचारलं नाही. रोज देवापुढे उभा राहिला की त्यांच्यासाठी दोन शब्द जास्त बोलतो, एवढंच.

संध्याकाळी बायको पाण्याची बादली घेऊन दारात उभी होती. गल्लीच्या कोपऱ्यावर आधी दोन लांब कान दिसले, मग त्यांच्याशेजारी नवऱ्याची टोपी. दोघं तिथेच थबकली. मागे सायकलवाला घंटी वाजवत होता, तिकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

"आलेत ना?" आईने उंबऱ्यातून मान काढली. "मग अडलंय कुठे? हाक मार की!"

"मारून उपयोग नाही," बायको म्हणाली आणि बादली खाली ठेवली. "सासूबाईंचं अजून ठरायचंय."