सारखे काटे

धरणगावच्या जिनिंगमध्ये मी कारकून होतो. हंगामाच्या पूजेला एक म्हातारा फिटर आला. बोलता बोलता तो प्रत्येक नळावर हात ठेवून बघायचा, वैद्यानं नाडी बघावी तसा. मी कौतुकानं सांगितलं, "नाना, पंपाचा आणि बॉयलरचा दाबाचा काटा अगदी सारखा आहे!"

त्याच्या तोंडची विडी गळून पडली.

"सारखा शे? मंग पानी बॉयलरमा कसं जाई? पंपना जोर जास्त पाहिजे!"

त्यानं पाणी दाखवणाऱ्या काचेवरचा झेंडूचा हार बाजूला केला. काचेत थेंबही नव्हता; बॉयलर कोरडाच तापत होता, कधीही फुटला असता. तो वेड्यासारखा भट्टीतला जाळ बाहेर ओढू लागला.

तो हार सकाळी मीच घातला होता. काच पूर्ण झाकेल, असा शोभेसाठी बेतून.